कॅमेऱ्याच्या फोटोंना जीपीएस ट्रॅकवरून लोकेशन कसं द्यायचं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुळात हे करायचं कशाला? फोनमध्ये तर लोकेशन आपोआप येतं की.

फोनमध्ये येतं, कारण फोनमध्ये जीपीएस आहे. डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये बहुतेक वेळा नसतं. कॅननच्या ६डी सारखे थोडे कॅमेरे २०१२ च्या आसपास जीपीएस आतच घेऊन आले, पण बॅटरी खातं म्हणून लोक ते बंदच ठेवायचे. मग होतं काय, ट्रेकवरून चारशे फोटो घेऊन येतो, दोन वर्षांनी उघडतो आणि ही सोंड नेमकी कुठली, हे टाकं राजगडाच्या पद्मावती माचीवरचं का संजीवनीवरचं, यावर ग्रुपमध्ये वाद सुरू. लोकेशन असलं की नकाशावर टिंब दिसतं आणि वाद मिटतो. वनस्पती, पक्षी, शिल्पं, वीरगळ यांची नोंद ठेवणाऱ्यांना तर याशिवाय चालतच नाही.

हे चालतं कसं? थोडक्यात सांगा.

तुमच्या खिशात फोन किंवा हातातलं जीपीएस असतं, ते दर काही सेकंदाला "आत्ता मी इथे आहे" असं वेळेसकट लिहून ठेवतं. कॅमेरा प्रत्येक फोटोत वेळ लिहितो. घरी आल्यावर सॉफ्टवेअर दोन्ही वेळा जुळवतं आणि त्या वेळेला तुम्ही जिथे होता ते अक्षांश रेखांश फोटोच्या फाइलमध्ये लिहून टाकतं. बस एवढंच. म्हणजे लोकेशनचा खेळ वाटतो पण आहे सगळा घड्याळाचा, आणि लोकांचे जे काही घोळ होतात त्यातले बहुतेक घड्याळाचेच असतात, जीपीएसचे नसतात.

ट्रॅकच्या फाइलमध्ये नेमकं काय असतं?

बहुतेक ठिकाणी जीपीएक्स फाइल मिळते. २००२ पासूनचा फॉरमॅट आहे, सध्या चालतं ते १.१ व्हर्जन २००४ चं. साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडून बघा एकदा, भीती जाते. प्रत्येक बिंदूला चार गोष्टी: अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. समजा कळसूबाईच्या माथ्यावरचा बिंदू आहे, तर १९.६०११, ७३.७०९२ असं काहीतरी दिसेल आणि वेळेच्या जागी २०२४-११-१६ ही तारीख आणि पुढे ०१:४२:०७ आणि शेवटी इंग्रजी झेड हे अक्षर. आता मध्यरात्री पावणेदोनला कोण कळसूबाईवर असतं? तो झेड म्हणजे वेळ यूटीसीमध्ये आहे, जागतिक वेळ. त्यात साडेपाच तास मिळवा, ७ वाजून १२ मिनिटं ७ सेकंद, सकाळचे. हा झेड नीट लक्षात ठेवा, पुढचे निम्मे प्रश्न त्याच्यामुळेच येतात.

माझे सगळे फोटो चुकीच्या जागी पडले. पायथ्याच्या गुंजवण्यात काढलेला फोटो थेट राजगडाच्या बालेकिल्ल्यावर दाखवतोय!

साडेपाच तासांचा घोळ आहे. तुम्ही गुंजवण्यात गाडी लावून सकाळी साडेसहाला फोटो काढला. कॅमेऱ्याने फक्त "६:३०" लिहिलं, कुठल्या देशाचे साडेसहा ते लिहिलंच नाही. सॉफ्टवेअरने समजून घेतलं की हे यूटीसीचे साडेसहा, म्हणजे आपले दुपारचे बारा, आणि बाराला तुम्ही होता बालेकिल्ल्यावर. त्याचं त्याच्या परीने बरोबरच आहे.

उपाय सोपा, सॉफ्टवेअरमध्ये टाइम झोन अधिक ५:३० द्या. पण आधीचं चुकीचं लोकेशन पुसून मगच परत चालवा, कारण काही सॉफ्टवेअर ज्या फोटोत आधीपासून लोकेशन आहे त्याला हातच लावत नाहीत आणि तुम्ही म्हणता काहीच फरक पडला नाही.

आणि उलटं पण होतं. तुम्ही टाइम झोन दिला, सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरचा टाइम झोन बघून तो स्वतःच आधी धरला होता, म्हणजे साडेपाच तास दोनदा वजा. मग फोटो ट्रॅक सुरू व्हायच्या आधीचे ठरतात आणि "एकही फोटो जुळला नाही" असा मेसेज येतो. सगळे फोटो चुकले किंवा एकही जुळला नाही, दोन्ही वेळा संशय पहिला टाइम झोनवरच घ्यायचा.

कॅमेरा टाइम झोन का लिहून ठेवत नाही? एवढी साधी गोष्ट.

एक्झिफ या पद्धतीत, म्हणजे फोटोच्या पोटात जी माहिती असते तिच्यात, टाइम झोनसाठी धड जागाच नव्हती. २०१६ मध्ये २.३१ व्हर्जन आलं तेव्हा ती सोय झाली. नवे कॅमेरे लिहितात आता, पण त्यासाठी मेनूत टाइम झोन बरोबर लावलेला पाहिजे. कित्येकांचा कॅमेरा डब्यातून काढला तसा लंडन नाहीतर टोकियोवर असतो, वेळ तेवढी हाताने बरोबर केलेली. म्हणजे घड्याळात आपली वेळ आणि शिक्का टोकियोचा. नव्या कॅमेऱ्यात हे जास्तच वाईट, कारण सॉफ्टवेअर त्या शिक्क्यावर विश्वास ठेवतं. आज घरी गेल्यावर मेनू उघडून बघा.

मी न्यू जर्सीत राहतो, सुट्टीत पुण्याला येऊन किल्ले केले, परत जाऊन टॅग केलं तर काहीच जुळेना.

हो, कारण एक्झिफटूलसारखी टूल्स, म्हणजे फोटोतली माहिती वाचणारे-लिहिणारे प्रोग्रॅम, फोटोत टाइम झोन नसेल तर ज्या कॉम्प्युटरवर चालतात त्याचाच धरतात. तुमचा लॅपटॉप तिकडच्या वेळेवर, फोटो इकडच्या वेळेचे. फोटोच्या वेळेमागे +५:३० आहे असं टूलला स्पष्ट सांगा, एक्झिफटूलमध्ये जिओटाइम नावाच्या ऑप्शनमध्ये ते जोडता येतं. नाहीतर तेवढ्यापुरता लॅपटॉपचा टाइम झोन कोलकाता करून घ्या. जुगाड आहे पण चालतो.

यालाच धरून एक सांगतो. परदेशात फिरताना कॅमेऱ्याची वेळ बदलावी का असं लोक विचारतात. मी म्हणेन बदला किंवा बदलू नका, पण मध्येच बदलू नका. ट्रॅक यूटीसीत असतो, त्याला देशाशी आणि युरोपातल्या त्या उन्हाळी वेळेशी काही घेणंदेणं नाही. कॅमेरा अख्खी ट्रिप भारतीय वेळेवर राहिला तर एकच साडेपाचचा हिशोब सगळ्या फोटोंना लागतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी उत्साहाने घड्याळ "नीट" करतं आणि मग फोल्डरचे दोन तुकडे करून बसावं लागतं.

टाइम झोन बरोबर आहे तरी फोटो पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे पडतात.

आता मिनिटा-सेकंदांचा फरक. कॅमेऱ्याचं घड्याळ साधं असतं, हळूहळू पुढे-मागे सरकतं, महिनोन्महिने कुणी बघत नाही आणि एखाद-दोन मिनिटं सहज चुकतं. चढावर तुम्ही तासाला तीन किलोमीटरने चालत असाल तर एक मिनिट म्हणजे पन्नास मीटर. गाडीत साठच्या स्पीडने जाताना तेच एक मिनिट म्हणजे एक किलोमीटर. घाटातल्या धबधब्याचा फोटो दोन वळणं सोडून पडतो तो असा. आणि कोकणकड्यासारख्या ठिकाणी तर पन्नास मीटरमध्ये तुम्ही कड्याच्या बाहेर हवेत तरंगताना दिसता, घरच्यांना नकाशा दाखवू नका.

मग कॅमेऱ्याचं घड्याळ सेकंदाला सेकंद लावायचं कसं?

लावत बसूच नका. मेनूतलं घड्याळ सेकंदावर लावणं जमत नाही धड, आणि परत सरकणारच आहे. त्यापेक्षा हे करा. ट्रेक सुरू करताना फोनवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा, जीपीएसची वेळ दाखवणारं अॅप असेल तर उत्तमच, आणि कॅमेऱ्याने फोनच्या स्क्रीनचा एक फोटो काढा. फोकस नीट, आकडे वाचता आले पाहिजेत. झालं.

घरी तो फोटो उघडायचा. समजा स्क्रीनवर ६:४१:२० दिसतंय आणि फोटोच्या माहितीत कॅमेऱ्याची वेळ ६:४०:०५ आहे. म्हणजे कॅमेरा ७५ सेकंद मागे. हे +७५ सेकंद सॉफ्टवेअरला दिले की सगळे फोटो एकदम सुधारतात. एक्झिफटूलमध्ये याला जिओसिंक म्हणतात, कॅमेरा मागे असेल तर अधिक, पुढे असेल तर वजा. डार्कटेबल या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून सोपं आहे, घड्याळाचा तो फोटो निवडायचा, त्यात दिसणारी वेळ टाइप करायची, फरक ते स्वतः काढतं.

आठ-दहा दिवसांची मोठी ट्रिप असेल तर असा फोटो पहिल्या दिवशी पण काढा आणि शेवटच्या दिवशी पण. एक्झिफटूलला दोन्ही दिले तर मधल्या दिवसांत घड्याळ किती सरकलं त्याचा हिशोबही ते करतं. आणि ग्रुपमध्ये तीन कॅमेरे असतील तर तिघांनी आपापला घड्याळाचा फोटो काढायचा, ट्रॅक एकाचा चालेल पण घड्याळाचा फरक प्रत्येकाचा वेगळा.

ट्रॅक रेकॉर्ड कशावर करू? वेगळं जीपीएस घ्यायला लागेल का?

नाही. फोन पुरतो. अँड्रॉइडवर ओस्मअँड किंवा जीपीएसलॉगर, आयफोनवर ओपन जीपीएक्स ट्रॅकर. स्ट्राव्हा वापरत असाल तर तिथूनही जीपीएक्स काढता येते. मनगटावर फिटनेस घड्याळ असेल तर त्याची फाइल बहुधा फिट नाहीतर टीसीएक्स फॉरमॅटमध्ये असते, ती जीपीएसबॅबल या फुकट प्रोग्रॅमने जीपीएक्स करून घ्या.

हातातलं वेगळं जीपीएस, गार्मिनचं ईट्रेक्स वगैरे, कुणी घ्यावं? ज्यांचे ट्रेक दोन-तीन दिवसांचे असतात आणि चार्जिंगची बोंब असते त्यांनी. पेन्सिल सेल बदलले की परत सुरू, पाऊस लागला तरी चालतं. बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या बुटांवर घालवा.

एक इशारा मात्र. जीपीएस वेगळं आणि सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र वेगळं. दुसऱ्या प्रकारचं यंत्र भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना यावरून पकडल्याच्या बातम्या २०२४ च्या डिसेंबरमध्ये आल्या होत्या. परदेशातून येणाऱ्या भावाला "गार्मिन घेऊन ये" सांगताना मॉडेल नीट सांगा.

गडावर रेंज नसते. मग ट्रॅक कसा रेकॉर्ड होणार?

रेंजचा आणि जीपीएसचा संबंध नाही. फोन फक्त उपग्रहांचं ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. बहुतेक फोनमध्ये फ्लाइट मोडवरही जीपीएस चालतं, आणि डोंगरात फ्लाइट मोड लावणंच बरं, नाहीतर फोन रेंज शोधत शोधत बॅटरी संपवतो.

फरक पडतो तो पहिल्यांदा जागा पकडताना. इंटरनेट असलं की उपग्रह कुठे आहेत ही माहिती नेटवरून पटकन मिळते, नसलं की ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून रेकॉर्डिंग पायथ्याच्या गावात, रेंज असताना, मोकळ्या आभाळाखाली सुरू करा. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा हे सांगायला नकोच.

अर्ध्या रस्त्यात रेकॉर्डिंग बंदच पडलं. अॅप बेकार आहे का?

अॅप नाही, फोन. बॅटरी वाचवायच्या नावाखाली बरेच फोन बॅकग्राउंडला चालणारं अॅप मारून टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा, लोकेशनची परवानगी "कायम" अशी द्या, नुसती "अॅप वापरताना" नको. आणि ट्रेकच्या आधी घराजवळ एक चक्कर मारून बघा, स्क्रीन बंद करून. दुकानात दूध आणायला जाता ना, तेवढ्यात कळतं.

किती सेकंदाला एक बिंदू ठेवू?

चालताना पाच ते दहा सेकंद बस झालं. गाडीत, बाईकवर एक-दोन सेकंद. फाइल मोठी होईल ही भीती काढून टाका, दहा तास दर पाच सेकंदाला म्हणजे ७२०० बिंदू, सगळं मिळून मेगाबाइटभर. एका फोटोपेक्षा लहान. बॅटरीचं म्हणाल तर स्क्रीन बंद ठेवली की फोन दिवसभर निघतो, जीपीएसपेक्षा रील्स जास्त खातात.

दोन बिंदूंच्या मधे फोटो काढला तर?

सॉफ्टवेअर हिशोब करतं. ७:१२:०० ला एक बिंदू, ७:१२:३० ला दुसरा, फोटो ७:१२:१० चा, तर पहिल्यापासून एक तृतीयांश अंतरावर फोटो ठेवतं, सरळ रेषेत. जवळजवळचे बिंदू असले की हे झकास चालतं.

पण मधे ट्रॅक तुटला असेल तर मजा येते. रेकॉर्डिंग वीस मिनिटं बंद होतं, तुम्ही दरीला वळसा घालून पलीकडच्या सोंडेवर गेलात, सॉफ्टवेअर सरळ रेषा मारतं आणि वळशावरचे फोटो दरीत. एक्झिफटूल नुसतं सोडलं तर अर्ध्या तासापर्यंतचं अंतर खपवून घेतं, ते १८०० सेकंद कमी करून ३०० करता येतात. मग काही फोटो बिनलोकेशनचे राहतील, राहू देत. चुकीच्या लोकेशनपेक्षा रिकामी जागा केव्हाही बरी, कारण रिकामी जागा दिसते आणि चुकीचं लोकेशन वर्षानुवर्षं खरं समजलं जातं.

जीपीएस किती अचूक असतं? फोटो पायऱ्यांवर काढला आणि टिंब झाडीत आहे.

मोकळ्या आभाळाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. अमेरिकेने २ मे २००० ला सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेला अडथळा काढला, त्याआधी सामान्य माणसाला शंभर मीटरपर्यंतची चूक सहन करावी लागायची. आता तर जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेइदो आणि नव्या फोनांमध्ये आपलं नाविकही मदतीला असतं.

पण सह्याद्रीत आभाळ मोकळं मिळतं कुठे? हरिश्चंद्रगडाची नळीची वाट घ्या. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, वर आभाळाची पट्टी. सरळ येणारे उपग्रहाचे सिग्नल कमी आणि कातळावर आपटून येणारे जास्त, मग ट्रॅक भिंतीच्या आरपार जातो, परत येतो, कधी कड्यावर चढतो. तिथे वीस-तीस मीटरची चूक धरूनच चाला. केदारेश्वराच्या गुहेत शिरलात तर सिग्नलच जातो, फोन शेवटची माहीत असलेली जागा धरून बसतो नाहीतर काहीबाही लिहितो.

अजून एक, जेवायला तासभर बसलात तर नकाशावर त्या जागी लहान मुलाने पेन्सिलने गिरगोटलंय असं दिसतं. तुम्ही हलला नाहीत, जीपीएस हललं. फोटोंना दहा मीटरने फरक पडत नाही म्हणून सोडून द्या. फोन मात्र सॅकच्या तळाशी स्टीलच्या डब्याखाली ठेवू नका, वरच्या कप्प्यात ठेवा.

उंची चुकीची येते. कळसूबाई १६४६ मीटर आहे आणि माझ्या फोटोत १५८५ दाखवतंय.

छान, म्हणजे तुमचा फोन नीट चालतोय. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून. आपण म्हणतो ती समुद्रसपाटीपासून. या दोघांत जगभर फरक असतो आणि भारताच्या दक्षिणेला समुद्रात तर जगातला सर्वात मोठा खड्डा आहे, १०६ मीटरचा, म्हणजे पाण्यातला खड्डा नव्हे, गुरुत्वाकर्षणामुळे समुद्रसपाटीच तिथे खाली आहे. आपल्या भागात हा फरक साठेक मीटरचा पडतो आणि जीपीएसची कच्ची उंची तेवढी कमी येते. हातातली जीपीएस यंत्रं आणि काही अॅप्स ही दुरुस्ती आपणहून करतात, काही करत नाहीत. शिवाय उभ्या दिशेत जीपीएस तसंही आडव्यापेक्षा कच्चंच. फोटोतल्या उंचीवरून कुणाशी पैज लावू नका.

कुठलं सॉफ्टवेअर वापरू? फुकट पाहिजे.

टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करून काम करायची, भीती नसेल तर एक्झिफटूल, डोळे झाकून. फिल हार्वी यांनी लिहिलेलं, २००३ पासून चालू आहे, आणि फोटोतल्या माहितीच्या बाबतीत बाकीची निम्मी सॉफ्टवेअर आतून हेच वापरतात. जिओटॅग हा ऑप्शन, ट्रॅकच्या फाइलचं नाव, फोटोंच्या फोल्डरचं नाव, एवढंच टाइप करायचं. दोन दिवसांच्या दोन फाइली असतील तरी दोन्ही एकदम देता येतात.

माउसनेच करायचं असेल तर डिजीकॅम, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, नकाशावर फोटो दिसतात, चुकलेला एखादा हाताने ओढून बरोबर जागी ठेवता येतो. मी नव्या माणसाला हेच सांगतो. रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, एडिट करायचं सगळं काम डार्कटेबलमध्ये असेल तर त्यातच करा.

लाइटरूम क्लासिक विकत घेतलेलंच असेल तर त्यात मॅप नावाचा भाग आहे, ट्रॅकलॉग लोड करायचा, टाइम झोनचा फरक द्यायचा, फोटो निवडून ऑटो टॅग. फक्त एक लक्षात ठेवा, ते लोकेशन आधी लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये जातं, फोटोच्या फाइलमध्ये जायला मेटाडेटा सेव्ह करावा लागतो. लोक हे विसरतात आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून म्हणतात लोकेशन गेलं कुठे.

याने फोटोची क्वालिटी कमी होते का?

नाही. जेपेगमध्ये चित्राचा भाग वेगळा आणि माहितीचा वेगळा, टूल फक्त माहितीच्या भागात लिहितं. चित्र परत दाबलं जात नाही. रॉ फाइलमध्ये थेट लिहायला मन धजत नसेल, माझंही धजत नाही, तर एक्सएमपी नावाची छोटी जोडफाइल शेजारी बनवतात, लोकेशन त्यात जातं आणि रॉ जशीच्या तशी राहते. पण मग ती जोडफाइल रॉबरोबरच हलवायची, एकीकडे फोटो आणि दुसरीकडे जोडफाइल असं झालं की संपलं.

एक्झिफटूल मूळ फाइलची कॉपी आपणहून ठेवतं, नावापुढे ओरिजिनल लावून. डिस्क भरते म्हणून लोक ते बंद करतात. आधी नकाशावर तपासा, मग त्या कॉप्या उडवा.

माझे फोटो समुद्रात पडतायत. खरंच समुद्रात.

कुठल्या समुद्रात त्यावरून रोग कळतो! आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात असतील तर अक्षांश रेखांश दोन्ही शून्य आहेत, म्हणजे जीपीएसने जागा पकडायच्या आधीचे बिंदू आलेत. नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या खाली बर्फाळ पाण्यात असतील तर आकड्यांची अदलाबदल झालीय, ७३ अक्षांश आणि १९ रेखांश. आणि हैतीजवळ कॅरिबियन समुद्रात असतील तर पूर्वच्या जागी पश्चिम लागलंय. फोटोत आकडा वेगळा आणि दिशा वेगळी लिहितात, हाताने लिहिताना लोक आकडा देतात आणि दिशा विसरतात. आपल्याकडे कायम उत्तर आणि पूर्व.

हाताने लिहायचे तर आकडे दोन प्रकारे दिसतात, कुठले देऊ?

१९ अंश ३६ मिनिटं ४ सेकंद आणि १९.६०११ हे एकच आहे. टूलला दशांशवालं द्या, सोपं पडतं. दशांशानंतर पाच आकडे पुष्कळ झाले, पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर. गुगल मॅपवरून पंधरा आकडे कॉपी करून काही जास्त अचूक होत नाही.

टिंब माझ्या जागी आहे, ज्याचा फोटो काढला त्या जागी नाही.

बरोबरच आहे, ते कॅमेऱ्याचं लोकेशन आहे. राजगडावरून झूम करून तोरण्याचा फोटो काढला तर टिंब राजगडावरच पडणार. समोरच्या वस्तूच्या जागेसाठी आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं त्यासाठी एक्झिफमध्ये वेगळ्या जागा आहेत, पण ट्रॅकवरून त्या भरता येत नाहीत. चालण्याची दिशा म्हणजे फोटोची दिशा असं काही सॉफ्टवेअर धरतात, ते बंद ठेवा. मागे वळून फोटो काढणारेच जास्त असतात.

कॅमेरा ब्लूटूथने फोनला जोडला की लोकेशन आपोआप येतं ना, मग ही कटकट कशाला?

येतं. निकॉनचं स्नॅपब्रिज, कॅननचं कॅमेरा कनेक्ट, सोनीचं क्रिएटर्स अॅप, सगळी देतात. शहरात, लग्नात, सहलीत मस्त. शिवाय कॅमेऱ्याचं घड्याळही फोनवरून जुळवून देतात, तेवढ्यासाठी तरी सुरू ठेवा. पण जोडणी तुटली तर कॅमेरा एकतर जुनंच लोकेशन थोडा वेळ लावत राहतो नाहीतर काहीच लावत नाही, आणि ते तुम्हाला घरी गेल्यावर कळतं. ट्रॅक असला की मागून सगळं दुरुस्त होतं. दोन्ही ठेवा.

ट्रॅकच नाहीये. जुने फोटो आहेत, २०११ चे.

बघा, त्या ट्रेकला कुणीतरी फोनने फोटो काढले असतील, त्यात लोकेशन असेल तर तेच तुमच्या त्या वेळच्या फोटोंना कॉपी करा, डिजीकॅममध्ये सरळ कॉपी पेस्ट होतं. नाहीतर नकाशावर हाताने ठेवा, गावाला गाव आणि माचीला माची एवढं केलंत तरी पुष्कळ. दुसऱ्या कुणाचा त्याच वाटेचा ट्रॅक नेटवरून घेऊन जुळवायचा प्रयत्न करू नका, वेळा जुळणारच नाहीत.

गुगलच्या टाइमलाइनवरून करता येईल का असं विचारतात. फोनमधून ती जेसन फाइल काढता आली तर एक्झिफटूल ती वाचतं. पण टाइमलाइनचे बिंदू विरळ असतात, कुठल्या गावात होतो ते कळेल, कुठल्या बुरुजावर ते नाही.

आणि गुगल फोटोजमध्ये जाऊन हाताने लोकेशन टाकलं असेल तर ते गुगलकडेच राहतं, फोटो डाउनलोड केल्यावर फाइलमध्ये मिळत नाही. म्हणून आधी फाइलमध्ये लिहा, मग अपलोड करा.

लोकेशन असलेले फोटो शेअर करणं सेफ आहे का?

विचार करून. २०१२ च्या डिसेंबरमध्ये जॉन मॅकॅफी, तेच अँटिव्हायरसवाले, पोलिसांपासून लपून फिरत होते. एका मासिकाने त्यांच्याबरोबरचा फोटो साइटवर टाकला, आयफोनचा, लोकेशन तसंच आत. ग्वाटेमालात कुठे आहेत ते लोकांनी लगेच शोधून काढलं. आपण काही पळून जात नाही, पण घरातले, मुलांच्या शाळेतले फोटो लोकेशनसकट कुठे टाकायची गरज नाही.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते. इन्स्टाग्राम, फेसबुकवर दुसऱ्याला दिसत नाही, कंपनीला अर्थात दिसते. ईमेल, ड्राइव्हची लिंक, स्वतःची वेबसाइट इथे सगळं राहतं. शेअर करायच्या कॉपीतून काढायचं तर लाइटरूममध्ये एक्सपोर्ट करताना लोकेशन काढायचा टिकमार्क आहे, एक्झिफटूलने जीपीएसचा अख्खा गट रिकामा करता येतो. मूळ फाइलमध्ये मात्र ठेवा.

दुर्मिळ फूल सापडलं, ग्रुपवर लोकेशन टाकू का?

नको. याबाबतीत मी कडक आहे. कंदीलपुष्पाच्या काही जाती सह्याद्रीत मोजक्या पठारांवर उरल्यात, कंद खाण्यासाठी नाहीतर घरी कुंडीत लावायला म्हणून उपटून नेतात, आणि नेणाऱ्याला जागा कळते ती आपल्यासारख्यांच्याच फोटोवरून. घुबडांची, गरुडांची घरटी, तीच गोष्ट. एकाने टाकलं की पुढच्या रविवारी वीस लेन्स त्या झाडाखाली, पिल्लांना खायला घालायला आईबाप येईनात.

नोंद करायची तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर करा. धोक्यातल्या जातींची जागा ते लोकांना अंदाजेच दाखवतात, ०.२ अंशाच्या चौकोनात, म्हणजे वीसेक किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी. अभ्यासाला नोंद मिळते, उपटणाऱ्याला पत्ता मिळत नाही. जातीचं नाव कळलं नसेल आणि तुम्हाला शंका असेल तर जागा लपवायचा पर्याय स्वतः निवडा.

माझं जुनं जीपीएस यंत्र २००५ ची तारीख दाखवतंय, ट्रॅक वाया गेला का?

नाही गेला. जीपीएस आठवडे मोजतं आणि जुन्या पद्धतीत १०२४ आठवडे झाले की मोजणी परत शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तशी आली, आणि ज्या यंत्रांचं सॉफ्टवेअर अपडेट झालं नाही ती पावणेवीस वर्षं मागे गेली. म्हणजे १६ नोव्हेंबर २०२४ चा ट्रॅक २ एप्रिल २००५ चा म्हणून येतो. वार तोच, शनिवार, वेळही बरोबर, फक्त तारीख ७१६८ दिवस मागे. जीपीएसबॅबलमध्ये ट्रॅकची वेळ पुढे सरकवायची सोय आहे, ७१६८ दिवस पुढे सरकवा, मग नेहमीसारखे फोटो जुळवा. आणि कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं अपडेट आहे का ते एकदा शोधा.